भाऊ म्हणतात, आधी कुलूपच सैल करू

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं काढून:

"मी ३६ वर्षांची आहे. एका छोट्या संस्थेत आठ वर्षं काम करतेय. आमची मागणी एकच, आरोग्याचा हक्क राज्यघटनेत मूलभूत हक्क म्हणून लिहिला जावा. सह्या गोळा केल्या, खासदारांच्या भेटी घेतल्या, एका खासदारांनी खासगी विधेयकही मांडलं, ते चर्चेलाच आलं नाही आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर संपलं. आमचे संस्थापक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते आता अडुसष्टचे आहेत. त्यांचं म्हणणं, दोन तृतीयांश बहुमत आणि वर निम्म्या राज्यांची मंजुरी हे आपल्या हयातीत होणं नाही, म्हणून आता मागणीच बदलू, घटनादुरुस्ती साध्या बहुमताने व्हावी यासाठी लढू, मग बाकीचं आपोआप होईल. पुढच्या महिन्यात सभा आहे, ते तसा ठराव मांडणार आहेत आणि अनुमोदन मी द्यावं अशी त्यांची इच्छा आहे, मला नाही म्हणवत नाही आणि पटतही नाही. मी तशी टिकून राहणारी आहे, दोन वर्षांपूर्वी नवीन आलेल्या लोकांनी संस्थेचा उद्देशच बदलून एका उमेदवाराचं काम करायचा घाट घातला होता, ४१ पैकी २३ जण त्यांच्या बाजूने होते पण आमच्या घटनेप्रमाणे २८ लागतात म्हणून ते कसंबसं निभावलं, तेव्हाही मी सोडलं नाही. आता मात्र वाटतंय की आठ वर्षं भिंतीवर डोकं आपटलं. सुरुवातीला शनिवार-रविवारचं असलेलं काम आता रोजचं झालंय, घरी यायला रात्रीचे अकरा वाजतात, घरचे म्हणतात सोड. अनुमोदन देऊ की राजीनामा?"

नमस्कार ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या वेळी लक्ष भाऊंकडे गेलं, दुसऱ्या वेळी राजीनाम्याकडे, आणि तिसऱ्या वेळी मात्र त्या एका वाक्यापाशी अडकलो जे तुम्ही स्वतःच्या चिकाटीचा पुरावा म्हणून जाता जाता लिहून टाकलंय. २३ जण त्यांच्या बाजूने होते. अहो ४१ मध्ये २३ म्हणजे सरळसरळ बहुमत झालं की! साध्या बहुमताचा नियम असता तर आज तुमच्या संस्थेच्या नावाने कुणाच्यातरी प्रचाराची पत्रकं वाटली गेली असती आणि तुम्ही मला हे पत्र लिहायच्या ऐवजी वेगळंच काहीतरी लिहिलं असतं. तुम्हाला वाचवलं ते त्या २८ च्या आकड्याने. आणि आता भाऊ जो ठराव आणतायत तो नेमका याच्या उलट आहे, फक्त संस्थेच्या घटनेऐवजी देशाच्या घटनेसाठी. हे तुमच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही, "पटतही नाही" जे वाटतंय ना आतून, ते बहुतेक इथूनच येतंय.

पण लगेच निकाल नको, कारण भाऊंचा वैताग खोटा नाहीये.

आधी एक दुरुस्ती करतो, तुमच्या समजुतीत. तुमच्या मागणीला निम्म्या राज्यांची मंजुरी लागतच नाही. घटनादुरुस्तीचं कलम ३६८ काढून एकदा शांतपणे वाचा, राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी ठराविक विषयांनाच लागते, म्हणजे राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र-राज्यांमधली अधिकारांची वाटणी, सर्वोच्च न्यायालय आणि हायकोर्टं, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व, आणि स्वतः कलम ३६८. मूलभूत हक्कांचा भाग तिसरा त्या यादीत नाही. तुम्हाला लागतं ते विशेष बहुमत, दोन्ही सभागृहांत वेगवेगळं, एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश. लोकसभेत ५४३ पैकी किमान २७२ होकार तर हवेतच, आणि सगळेच्या सगळे हजर असले तर ३६२. संयुक्त बैठकीची पळवाट नाही, एका सभागृहाने पाडलं की संपलं. हे अवघड आहे, पण आठ वर्षं तुम्ही मनात जो डोंगर धरून चाललायत त्याच्यापेक्षा हा डोंगर बराच बुटका आहे, आणि तुमच्या संस्थेत हे कुणी एकदाही मोठ्याने वाचून दाखवलं नसेल तर पुढच्या सभेत सगळ्यात आधी तेच करा.

आता यादीतला तो शेवटचा विषय परत बघा. स्वतः कलम ३६८. म्हणजे घटनादुरुस्ती सोपी करायची असेल तर त्यासाठी विशेष बहुमत लागणार आणि वर निम्म्या राज्यांची मंजुरीही लागणार, जी तुमच्या मूळ मागणीला लागत नव्हती!! भाऊ दोन तृतीयांशांना कंटाळून ज्या वाटेला निघालेत ती आधीच्या वाटेपेक्षा लांब आहे, आणि तिच्या शेवटी सर्वोच्च न्यायालय उभं आहे ते वेगळंच, कारण १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात न्यायालयाने सांगून ठेवलंय की संसदेचा दुरुस्तीचा अधिकार मर्यादित असणं हाच घटनेच्या मूलभूत चौकटीचा, म्हणजे संसदेलाही बदलता न येणाऱ्या गाभ्याचा, भाग आहे.

पण हा झाला कायद्याचा मुद्दा, आणि चिडलेल्या माणसाला कायद्याचे मुद्दे सांगून कुणाचं भलं झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. भाऊंच्या म्हणण्यामागे जे गृहीत धरलंय ते जास्त महत्त्वाचं आहे, की कुलूप घट्ट आहे म्हणून दार उघडत नाही. खरंच तसं आहे का? आपली घटना २६ जानेवारी १९५० ला पूर्ण लागू झाली आणि पहिली दुरुस्ती १९५१ च्या जूनमध्ये झालीसुद्धा. २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्यात. अमेरिकेत दोनशे तीस वर्षांहून जास्त काळात २७ झाल्या, जपानच्या घटनेत १९४७ पासून एकही नाही. खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात हेच सांगितलं होतं, की अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियासारख्या कडक अटी आपण घातलेल्या नाहीत, दुरुस्तीची पद्धत सोपी ठेवलीये, आणि घटनेवर नाराज असणाऱ्यांना दोन तृतीयांश मिळवायचे आहेत, तेवढेही मिळवता येत नसतील तर आम जनता त्यांच्या बाजूने आहे असं म्हणता येणार नाही. शब्द माझे आहेत, आशय त्यांचा. जरा बोचतं ना? मलाही बोचलं होतं पहिल्यांदा वाचलं तेव्हा.

आणि त्याहून मोठी गंमत बघा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या दहा टक्के आरक्षणाची १०३ वी दुरुस्ती, लोकसभेत ८ जानेवारी २०१९ ला मांडली आणि त्याच दिवशी पास, ९ ला राज्यसभेत पास, १२ ला राष्ट्रपतींची सही. एका आठवड्याच्या आत सगळं उरकलं. महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा आलं सप्टेंबर १९९६ मध्ये, मग पुन्हा पुन्हा आलं आणि पुन्हा पुन्हा संपलं, २०१० मध्ये राज्यसभेत १८६ विरुद्ध १ ने पास होऊनही लोकसभेत मताला आलंच नाही, आणि शेवटी २०२३ मध्ये पास झालं, तेव्हा लोकसभेत ४५४ विरुद्ध २. सत्तावीस वर्षं. आणि अजूनही जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, त्यानंतर अंमल. कुलूप दोन्हीकडे तेच हो, कलम तेच, बहुमत तेच. मग एक दार आठवड्यात उघडतं आणि दुसरं सत्तावीस वर्षं बंद राहतं त्याचं खापर कुलपावर कसं फोडायचं? ज्यांच्या हातात किल्ली आहे त्यांना एकीकडे घाई होती आणि दुसरीकडे नव्हती, एवढंच. साध्या बहुमताचा नियम आणला तरी ज्या खासदारांना आज तुमचं विधेयक चर्चेला घ्यावंसं वाटत नाही त्यांना उद्या वाटेल असं काही नाही. तुमचं विधेयक मतदानात हरलंच नाहीये मुळी, ते मतदानापर्यंत पोचलंच नाही. (आणि खासगी विधेयकाचं म्हणाल तर स्वातंत्र्यानंतर आजवर १४ पास झाली, १९७० नंतर एकही नाही, तेव्हा ते अडलं म्हणून स्वतःला फार बोल लावू नका.)

आता भाऊंना विचारायचा खरा प्रश्न. आरोग्याचा हक्क साध्या कायद्यात का नको, घटनेतच का हवा? ते काय उत्तर देतील हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही, की साधा कायदा काय, पुढचं सरकार आलं की बदलेल, बजेट कापेल, घटनेत असलं की कुणी हात लावू शकत नाही. बरोबर आहे. पण घटनेत असलेल्या गोष्टीला हात लावता येत नाही तो कशामुळे? कागद वेगळा असतो म्हणून? दुरुस्ती अवघड असते म्हणूनच ना. म्हणजे भाऊंना लिहिताना पेन्सिल हवीये आणि लिहून झालं की ते शाईचं व्हायला हवंय. हे दोन्ही एकदम मिळत नाही. आज २७२ जण हक्क लिहू शकले तर पाच वर्षांनी दुसरे २७२ जण खोडू शकतील, आणि तेव्हा भाऊच पहिले रस्त्यावर उतरतील.

मूलभूत हक्क खोडला जातो का म्हणाल, तर जातो. मालमत्तेचा हक्क १९५० पासून मूलभूत होता, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो त्या यादीतून गेला, आता नुसता कायदेशीर हक्क आहे. तो जायला हवा होता असं मानणारे पुष्कळ आहेत, मीही बराचसा त्यातलाच, पण मुद्दा हा की जाऊ शकतो. आणि १९७६ ची ४२ वी दुरुस्ती, आणीबाणीत, विरोधी पक्षांचे कितीतरी नेते तुरुंगात असताना, एका फटक्यात घटनेचा इतका भाग बदलला की लोक तिला छोटी घटना म्हणायला लागले, लोकसभेची मुदतच पाचाची सहा वर्षं केली. दोन तृतीयांशचं कुलूप असूनही हे झालं बरं का. तेव्हा कुलूप सैल करा म्हणणाऱ्या माणसाने आधी ते वर्ष आठवावं, आणि भाऊंच्या वयाच्या माणसाला ते आठवायला पुस्तक लागू नये.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मी कुलपाचाच वकील वाटायचो. कधी कधी नियम खरंच अन्याय करतो. डेन्मार्कमध्ये १९३९ ला सार्वमत झालं, मत दिलेल्यांपैकी जवळजवळ ९२ टक्के लोक हो म्हणाले, पण अट होती की एकूण मतदारांच्या ४५ टक्के तरी होकार हवेत आणि ते भरले ४४.४६ टक्के. पडलं! नवी घटना यायला १९५३ उजाडलं. ऑस्ट्रेलियात १९७७ च्या एका प्रश्नाला देशभरात ६२ टक्के होकार होते तरी पडला कारण सहापैकी तीनच राज्यांत बहुमत मिळालं, चार लागतात. अशा वेळी लोकांनी कपाळाला हात लावला असेल तर त्यांना कोण चूक म्हणेल.

आपल्याकडचाही एक किस्सा आहे, आणि तो मला फार आवडतो कारण त्यात कुलूप नेमकं काय करतं ते दिसतं. सप्टेंबर १९७०, संस्थानिकांचे तनखे बंद करायचं विधेयक. लोकसभेत पास झालं. राज्यसभेत मतदान झालं, बाजूने १४९, विरोधात ७५, एकूण २२४. २२४ चे दोन तृतीयांश काढा, १४९ पूर्णांक एक तृतीयांश. म्हणजे एका माणसाच्या तिसऱ्या हिश्श्याने देशाची घटनादुरुस्ती पडली. माणसाचे तीन तुकडे होत नाहीत म्हणून एक अख्खं मत कमी पडलं म्हणायचं. मग सरकारने काय केलं, लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली, ते डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं. मग १९७१ ची निवडणूक, प्रचंड बहुमत, आणि त्याच वर्षाअखेर २६ वी दुरुस्ती, तनखे बंद. सव्वा वर्षाचा उशीर झाला, पण जे शॉर्टकटने होणार होतं ते मधल्या काळात लोकांकडून कौल घेऊन झालं आणि नंतर कुणाची ते उलटवायची हिंमत झाली नाही. कुलूप बऱ्याचदा नाही म्हणत नाही, ते म्हणतं जा, अजून थोडी माणसं घेऊन ये.

आता तुमच्या मागणीकडे येतो, आणि इथे मला तुमच्याशी जरा स्पष्ट बोलायचंय. तुम्ही आठ वर्षं घटनेत "लिहिलं जावं" यासाठी झटताय. लिहिलं गेल्यावर काय होतं ते तुमच्या सगळ्यात जवळच्या उदाहरणात बघा, शिक्षणाचा हक्क. मूळ घटनेत तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, म्हणजे कोर्टात मागता न येणाऱ्या, सरकारसाठीच्या सूचनांमध्ये होता, दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत सक्तीचं शिक्षण द्यायचा प्रयत्न करायचा असं. ते झालं नाही. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा मूलभूत हक्कच आहे, घटनेत एक अक्षर न बदलता. मग चळवळी, मागण्या, आणि २००२ मध्ये ८६ वी दुरुस्ती, कलम २१-अ. पेढे वाटायचा दिवस. पण त्या दुरुस्तीतच लिहिलं होतं की सरकार ठरवेल त्या तारखेपासून हे लागू, आणि ती तारीख उजाडली १ एप्रिल २०१०, जेव्हा २००९ चा शिक्षण हक्क कायदा लागू झाला तेव्हा. सात वर्षांहून जास्त काळ घटनेतलं ते कलम नुसतं झोपून होतं, २००२ मध्ये सात वर्षांची असलेली पोरगी हक्क जागा होईपर्यंत चौदा ओलांडून गेली. आणि अजून एक, कलमात वय लिहिलं सहा ते चौदा. न्यायालयाने सहाच्या खालच्या पोरांना वगळलं नव्हतं, दुरुस्तीने वगळलं. म्हणजे हक्क घटनेत आला आणि येताना दारातच थोडा कापला गेला. (झोपलेल्या कलमांचं म्हणाल तर ४४ व्या दुरुस्तीतली प्रतिबंधक स्थानबद्धतेवरची (खटल्याशिवाय आधीच डांबून ठेवण्यावरची) तरतूद १९७८ पासून आजपर्यंत लागूच केलेली नाही, त्यामुळे सात वर्षं म्हणजे काहीच नाही म्हणायचं.)

मग आरोग्याचं काय? निम्मं काम न्यायालयाने करून ठेवलंय हे तुमच्या संस्थेला नक्की माहीत असणार. १९९६ चा पश्चिम बंगालचा तो खटला, रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं, आणि न्यायालयाने म्हटलं की सरकारी रुग्णालयाने वेळेवर तातडीचे उपचार न देणं हा कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. म्हणजे हक्क आहे. नाहीये ती खाट. आणि खाट देणारं कोण, तर राज्य, कारण सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्यसूचीतला विषय आहे. तुमच्या दुरुस्तीला राज्यांची मतं लागत नाहीत हे मी मघाशी आनंदाने सांगितलं खरं, पण राज्यं सोबत नसतील तर ती पास होऊनही २१-अ सारखी झोपून राहणार, तेव्हा राज्यांकडे जायला लागणारच आहे, आधी जा किंवा नंतर जा.

म्हणून मला विचाराल तर सभेत तिसराच ठराव मांडा. मूळ मागणी तशीच ठेवायची, ती सोडायची नाही, पण पुढची तीन वर्षं राज्याच्या कायद्यावर लावायची. रोजगार हमीचं बघा, महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायदा केला, देशाने २००५ मध्ये. कामाचा हक्क घटनेत आजही मार्गदर्शक तत्त्वच आहे, मूलभूत झालेला नाही, पण त्या कायद्यांनी कित्येक घरांत चूल पेटली. माहितीचा अधिकारही २००५ च्या साध्या कायद्याने आला. आरोग्यात राजस्थानने २०२३ मध्ये कायदा केला, तेव्हा खासगी डॉक्टरांनी मोठं आंदोलन केलं, कारण तातडीचे उपचार फुकट म्हटल्यावर बिल कोण भरणार हा प्रश्न समोर आला. आणि तो यायलाच हवा होता! घटनेतल्या एका ओळीत हा प्रश्न लपून राहतो, कायद्याच्या मसुद्यात तो लपत नाही.

मसुद्यावरून आठवलं, तुम्हाला हवं असलेलं कलम तुम्ही लिहून काढलंय का? म्हणजे मागणीपत्रकातलं "सर्वांना आरोग्य" नाही, खरंखुरं कलम, शब्द न् शब्द. बसा चारपाच जण आणि लिहा. लिहायला लागलात की पहिल्या तासातच भांडणं होतील, फक्त तातडीचे उपचार की सगळे, सरकारी दवाखान्यातच की खासगीतही, हक्क मोडला तर माणसाने जायचं कुठे, आणि "सरकार ठरवेल त्या तारखेपासून" हे वाक्य आत येऊ द्यायचं का. ही भांडणं आत्ता चहावर झालेली बरी. अशाच वेगवेगळ्या मागण्या घेऊन काम करणारे बरेच जण मला लिहितात, हक्क वेगळा असतो पण कागद सगळ्यांचाच कोरा असतो, घोषणा पाठ असतात आणि कलम कुणीच लिहिलेलं नसतं.

दुसरं, तुमच्या भेटींची वही काढा आणि बघा भेटलेले खासदार कुठल्या कुठल्या पक्षाचे होते. माझा अंदाज आहे ते बरेचसे एकाच बाजूचे असतील, जे आधीपासून हो म्हणतात त्यांच्याकडेच आपण जातो, तिथे चहा मिळतो आणि फोटो होतो. दोन तृतीयांशचा अर्थच हा की जे तुमचे नाहीत त्यांच्याकडे जायचं, आणि तुमची मागणी कुठल्या एका पक्षाची म्हणून ओळखली गेली की ती मेली. दोन वर्षांपूर्वी त्या उमेदवाराच्या नादाला लागला नाहीत हे किती बरं झालं ते इथे कळतं.

अमेरिकेतला एक किस्सा भाऊंना नक्की सांगा. १७८९ मध्ये संसदेने पास केलेली एक दुरुस्ती, खासदारांचा पगार बदलला तर तो बदल पुढच्या निवडणुकीनंतरच लागू होईल अशी, राज्यांच्या मंजुरीअभावी तशीच पडून होती. १९८२ मध्ये टेक्सासच्या विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन नावाच्या विद्यार्थ्याने त्यावर निबंध लिहिला, की हिला मुदतच नाही, ही अजून जिवंत आहे. निबंधाला सी ग्रेड मिळाली. पठ्ठ्या चिडला आणि एकेका राज्याच्या विधिमंडळाला पत्रं लिहीत सुटला, दहा वर्षं, आणि १९९२ मध्ये ती घटनेची २७ वी दुरुस्ती झाली. तीन चतुर्थांश राज्यं लागतात तिथे, आपल्यापेक्षा कितीतरी जड कुलूप. अर्थात त्याची ओळ छोटी होती, तिला फारसा विरोध नव्हता आणि तिच्यासाठी एकही दवाखाना बांधायचा नव्हता, त्यामुळे तुलना फार ताणू नका.

राहिलं घरच्यांचं. ते सोड म्हणतायत ते मागणी चुकीची आहे म्हणून नाही, तुम्ही रात्री अकराला घरी येता म्हणून. शनिवार-रविवारचं काम रोजचं कधी झालं हे तुम्हालाही आठवत नसेल. सहा महिने बैठका कमी करून फक्त मसुद्याचं काम अंगावर घ्या, ते घरी बसून करता येतं, आणि तोवर राजीनाम्याचा निर्णय बाजूला ठेवा, चिडून दिलेला राजीनामा परत घेताना माणूस फार लहान होतो.

अनुमोदन मात्र देऊ नका. आणि ते सभेत सगळ्यांसमोर नाकारू नका, आधी भाऊंकडे एकट्या जा, त्यांना चूक ठरवायला नको, फक्त विचारा की भाऊ, आपला हक्क लिहिला गेल्यावर तो खोडायला किती मतं लागावीत असं तुम्हाला वाटतं. आणि मग गप्प बसा, त्यांना बोलू दे. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला आपल्या डोळ्यांदेखत काहीतरी झालेलं बघायचं असतं, तो ठराव त्या घाईतून आलाय, राज्याचा कायदा ती घाई निदान थोडी तरी भागवू शकेल असं मला वाटतं.

आणि एक तांत्रिक गोष्ट, ही त्यांना शेवटी सांगा किंवा नका सांगू, तुमच्यावर सोडतो. संस्थेच्या घटनेत तुमचा उद्देश आरोग्याचा हक्क एवढाच लिहिलेला असेल तर घटनादुरुस्ती सोपी करण्याची मोहीम त्यात बसत नाही. भाऊंचा ठराव पास करायचा तर आधी उद्देश बदलावा लागेल, आणि त्याला लागतात २८.